होडीला नळ

त्या दिवशी मी फक्त ‘आणू या की’ एवढंच म्हणालो. जेवताना माणूस कितीतरी गोष्टींना ‘आणू या की’ म्हणतो. नवी कढई, टीव्हीखालचं टेबल, गॅलरीला जाळी. यातली एकही गोष्ट आजवर आमच्या घरात आलेली नाही आणि म्हणूनच आमचा संसार सुरळीत चाललेला आहे. पण त्या दिवशी आमची ही म्हणाली, “दादाचा फोन होता. किनाऱ्यावरचं घर विकलं. बाबांची होडी ठेवायला जागा नाही, फोडून जळणाला काढतो म्हणतोय.” आणि मी ताटातून मान वर न काढता बोलून गेलो, “कशाला फोडतो? आपण आणू या की.”

ती जेवायची थांबली. माझ्याकडे तिने अशा काही नजरेने पाहिलं, की मला वाटलं माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. (मी वळून बघितलंसुद्धा.)

“खरंच आणायची?” तिने विचारलं.

आता ‘खरंच’ म्हटल्यावर नवऱ्याची जात काय बोलणार? “खरंच,” मी म्हणालो.

आमच्या शहरापासून समुद्र दिवसभराच्या रस्त्यावर आहे. इथे पाणी म्हणजे नळाचं, आणि तेसुद्धा त्याच्या मर्जीने येणारं. मी पाणीपुरवठा खात्यात गळती विभागात कारकून आहे. जे पाणी जिथे असायला नको तिथे गेलं, की लोक मला फोन करतात. पण पाणी येणार कधी, ते खात्यात राहूनही मला सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडे सगळ्या शहरासारखीच पद्धत आहे. नळ उघडा ठेवायचा, खाली बादली लावायची आणि कान तिकडे ठेवून आपापली कामं करायची. धार पडली की ही आतून ओरडते, “अहो, नळाला पाणी आलं,” आणि मी बादल्या घेऊन धावतो. बारा महिने आमचा हाच खेळ चालतो.

हिचा जन्म किनाऱ्यावरचा. बाबांनी हिला चालायला शिकवलं की वल्हवायला आधी, यावर तिच्या माहेरी अजून वाद आहे. लग्न होऊन इथे आली तेव्हा सुरुवातीला ती झोपेतून दचकून जागी व्हायची. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायची, “काही नाही. आवाज थांबला म्हणून जाग आली.” मला तर कसलाच आवाज येत नसे. हिच्या कानात काही बिघाड आहे की काय, अशी मला शंका होती. तो लाटांचा आवाज होता, हे माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ जावा लागला. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. होडीसुद्धा मागितली नव्हती, मीच बोलून बसलो होतो.

ओळखीच्या वेल्डरने गाडीला मागून जोडायचा ट्रेलर करून दिला. त्याने आजवर कोंबड्यांचे पिंजरे आणि खिडक्यांचे गज केले होते, त्यामुळे ट्रेलरलाही त्याने सवयीने गज बसवले. तो घेऊन आम्ही गेलो, होडी चढवली, दोरखंडांनी आवळली आणि निघालो. आमची गाडी लहान, होडी तिच्या दीडपट. वाटेत एका माणसाने हात करून गाडी थांबवली आणि काळजीने विचारलं, “इकडे पूर येणार आहे का?”

सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. खरी गंमत इमारतीच्या फाटकाशी झाली. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्याच्या उलट बाजूला तो जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, जे आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात, ते बनियनवर खाली आले आणि त्यांनी सूत्रं हातात घेतली.

“डावीकडे कापा,” ते म्हणाले.

मी डावीकडे कापलं. होडी उजवीकडे गेली.

“अहो, डावीकडे म्हटलं मी.”

“डावीकडेच घेतलं.”

“मग ही उजवीकडे का चाललीये?”

“तिलाच विचारा.”

“यांना उलटं सांगा, म्हणजे सुलटं होईल,” वरच्या गॅलरीतून एक काकू म्हणाल्या. सगळी इमारत गॅलऱ्यांमध्ये उभी होती. शेवटी ट्रेलर सोडवून दहापाच जणांनी तो हातांनीच पार्किंगमध्ये ढकलला. सेक्रेटरींनी “ही इथे किती दिवस?” असं विचारलं तेव्हा मी “चार दिवसांची पाहुणी आहे,” असं सांगितलं. पाहुणी त्या दिवसापासून मुक्कामालाच होती.

संध्याकाळी आमची ही शाळेतून आली (ती शिकवते), की वर न येता आधी होडीत जाऊन बसायची. आडव्या फळीवर, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे करून. एक हात होडीच्या काठावरून बाहेर सोडलेला असायचा, बोटं जरा पसरलेली, खाली फरशी. मी गॅलरीतून बघत असे. एकदा चहा घेऊन खाली गेलो आणि म्हणालो, “भिंतीत काय बघतेस एवढं?”

“भिंत कुठे बघतेय,” ती म्हणाली.

मग मीही शेजारी बसून भिंत बघितली. मला भिंतच दिसली. तिचा रंग उडाला होता.

मग एक दिवस तिने फळ्यांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. “आकसायला लागल्यात. सांधे उघडतायत,” ती म्हणाली. “लाकडी होडी अशी कोरडी ठेवायची नसते. पाण्यात नसेल तर तिच्यात पाणी भरून ठेवायचं, म्हणजे फळ्या फुगून घट्ट बसतात. नाहीतर एक दिवस पाण्यात सोडू आणि चाळणी निघेल.”

“मग भरू या की,” मी म्हणालो. (मी सुधारणारा माणूस नव्हे.)

टाकीवरून पाईप लावून आम्ही अर्धी होडी भरली. मी ऑफिसला गेलो. दुपारी फोन वाजला.

“गळती विभाग?”

“बोला.”

“आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भयंकर गळती आहे. पाणी फाटकापर्यंत पोचलंय.”

“पाईप फुटलाय का?”

“पाईप नाही. होडी फुटलीये.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पहिल्या कानावर माझा विश्वास राहिला नव्हता. “पत्ता सांगा,” मी शक्य तितक्या अनोळखी आवाजात म्हणालो.

“पत्ता कसला विचारता, माझ्या डोक्यावरच राहता तुम्ही,” सेक्रेटरी म्हणाले.

महिनाअखेरपर्यंत होडी हलवा, असं त्यांनी बजावलं. आम्ही हो म्हणालो आणि रोज थोडं थोडं पाणी भरत राहिलो. गळती हळूहळू कमी होत गेली. आणि एका सकाळी ती पायजमा घोट्यापर्यंत दुमडून, ओल्या पायांनी जिना चढून वर आली आणि म्हणाली, “धरलं. एक थेंब नाही बाहेर.” “आता एकदा, एकदाच, तिला पाण्यात सोडायची. तिच्यात बसून पाण्यात हात घालायचाय मला. मग तुम्ही तिचं काय वाटेल ते करा.”

मी “जाऊ या की” म्हणालो, पण यावेळी मनापासून म्हणालो. मला फार वाटत होतं, की ती होडीकडे बघते तसं तिने एकदा तरी माझ्याकडे बघावं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात शहराची मुख्य जलवाहिनी फुटली. नळ कोरडे पडले. टँकर येतो येतो म्हणता येईना. ऑफिसात फोन घेऊन घेऊन माझा घसा बसला. आमच्या टाकीत खडखडाट झाला, आणि अख्ख्या इमारतीत पाणी उरलं ते फक्त एका ठिकाणी.

सेक्रेटरी बादली घेऊन आले. “साहेब,” ते म्हणाले, “जरा मिळेल का?”

मला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ऑफिसात साहेब दुसरे आहेत. मी त्या एका शब्दाने आतून इतका फुगलो, की होडीच्या फळ्याही तेवढ्या फुगल्या नसतील. “घ्या की,” मी म्हणालो. मग रांग लागली. बादल्या होडीच्या काठावर आपटायला लागल्या. आमच्या खात्याचा प्लंबर रांगेतच होता. तो म्हणाला, “साहेब, बादल्या आपटून लाकूड खराब होईल. खाली बुडापाशी एक नळ बसवून टाकू. लोकांची सोय, होडीची सोय.”

त्याचं म्हणणं मला एकदम शास्त्रशुद्ध वाटलं. खात्याचा माणूस आहे मी, नळ दिसला की मला व्यवस्था दिसते. ही शाळेत होती. त्याने ड्रिल आणलं, भोक पाडलं, पाईपचा तुकडा घालून बाहेरून झकास पितळी तोटी बसवली आणि चारी बाजूंनी फटी बुजवायची लांबी भरून टाकली. एक थेंब गळत नव्हता. लोक वाहवा करत होते, मी रांगेच्या तोंडाशी हात मागे बांधून उभा होतो, आणि ती फाटकातून आत आली.

ती होडीपाशी आली. वाकली. तोटीला हात लावला.

“भोक पाडलंत?”

“पितळी आहे,” मी म्हणालो. (जणू प्लॅस्टिकची असती तरच तिची हरकत असती.)

“बाबा हिला खिळा ठोकायचा झाला तरी आधी हात फिरवायचे,” ती म्हणाली आणि वर निघून गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची मला सवय आहे, त्यात मी कसलेला आहे. पण ती भांडली नाही. जेवायला वाढलं, वह्या तपासल्या, झोपली. पुढे जलवाहिनी दुरुस्त झाली, होडी हलवायचं सेक्रेटरींनी पुन्हा नाव काढलं नाही, होडीही पुन्हा भरून ठेवली, नळाला पाणी आल्याचं ती पूर्वीसारखंच सांगत होती, पण संध्याकाळी होडीपाशी थांबायची बंद झाली. सरळ वर यायची. मी गॅलरीत उभा राहून रिकामी फळी बघायचो आणि मला काही सुचेनासं व्हायचं. इतकी वर्षं झाली, हिला मी समुद्रापासून तोडून या कोरड्या गावात आणून ठेवलं, तिने चकार शब्द काढला नाही. एक होडी तिची म्हणून आली, तिलाही मी नळ लावला.

शेवटी धीर करून विचारलं, “येत्या सुट्टीत जाऊ या समुद्रावर? होडी घेऊन?”

ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. “भोक पाडल्यावर तरंगेल ती?”

“न तरंगायला काय झालं? तोटी बंद असली म्हणजे झालं,” मी म्हणालो. हे वाक्य माझंच आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

निघायच्या आदल्या दिवशी मी तोटी उघडून होडीतलं पाणी सोडून दिलं, नाहीतर आमची गाडी ते ओढतेय कुठली. पहाटेच ट्रेलर जोडून निघालो.  संध्याकाळ व्हायच्या आधी खारा वारा लागला तसं तिने खिडकीची काच खाली केली आणि डोळे मिटून घेतले.

धक्क्याच्या उतारावर ट्रेलर मागे घ्यायचा होता. मी काकूंचा सल्ला आठवला, मनात ठरवलं त्याच्या उलट स्टिअरिंग फिरवलं, आणि ट्रेलर सुतासारखा सरळ पाण्यात गेला. अख्ख्या प्रकरणात मला नीट जमलेली ही एकच गोष्ट, आणि ती बघायला सेक्रेटरी नव्हते. होडी ट्रेलरवरून उचलली गेली, जराशी डोलली आणि तरंगली.

ती बघत उभी राहिली. मग म्हणाली, “चला.”

मला पोहता येत नाही, हे मी लग्नाआधी सांगितलं नव्हतं, तिथेही सांगितलं नाही. मी बसलो. तिने वल्ही घेतली. आणि मग मी एक अनोळखी बाई बघितली. पाठ ताठ, हात एका लयीत, ओठ जरा उघडे. घरात डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून मला हाक मारणारी ती हीच, हे मला खरं वाटेना. (झाकणाच्या वेळी ती माझं मन राखत असावी.) फळ्यांतून एक थेंब येत नव्हता. तिने वल्हवणं थांबवलं, काठावरून हात बाहेर सोडला, बोटं जरा पसरली. यावेळी खाली पाणी होतं.

थोड्या वेळाने माझे मोजे ओले लागायला लागले. मला वाटलं समुद्रावर असंच असतं, दमट हवा. मग बूट ओले झाले. मग माझ्या मागून एक ओळखीचा आवाज यायला लागला, जो मी रोज ऐकतो, जो ऐकण्यासाठी आम्ही जगतो. तिनेही तो ऐकला. मान तिरकी करून, अगदी रोजच्या सुरात ती म्हणाली,

“अहो, नळाला पाणी आलं.”

आणि खोटं नाही सांगत, मी बादली आणायला उठलो.

होडी अशी काही हिंदकळली की मी बदकन खाली, त्या पाण्यातच बसलो. पाईपच्या तुकड्यातून चांगली मनगटाएवढी धार आत येत होती. असा दाब आमच्या खात्याने शहराला कधीच दिलेला नाही. आदल्या दिवशी पाणी सोडायला उघडलेली तोटी मी तशीच उघडी ठेवली होती. जन्माची सवय, पाणी नसलं की नळ उघडा ठेवायचा.

ती हसायला लागली. वल्ही टाकून, पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते सगळं हसण्याचंच होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मग ती काठावरून वाकली, खांद्यापर्यंत हात समुद्रात घातला आणि चाचपून तोटी बंद केली. तोटी बंद झाल्यावरही हात तिने बराच वेळ तसाच ठेवला.

“आता उपसा,” ती म्हणाली. मी जेवणाचा डबा रिकामा करून उपसायला लागलो. ती वल्हवत पुढे निघाली.

“परतायचं ना?” मी विचारलं.

“अजून थोडं.”

मी उपसत राहिलो. मग जे विचारायची इतके दिवस भीती वाटत होती ते विचारूनच टाकलं. “तुला इथेच राहावंसं वाटतं का गं?”

“वाटतं,” ती म्हणाली. लगेच म्हणाली. माझा डबा हवेतच राहिला. दोनचार वेळा वल्ही मारून झाल्यावर ती म्हणाली, “पण मग तिकडे पाणी आल्याचं तुम्हाला सांगणार कोण?”

किनाऱ्याला लागलो, होडी ट्रेलरवर घेतली. तळाशी अजून बरंच पाणी होतं. मी तोटी उघडायला वाकलो.

“राहू दे,” ती म्हणाली.

“अगं, वजन पडेल गाडीवर.”

“पडू दे.”

मुक्काम करून आम्ही परतीला लागलो. मागे होडीत समुद्र डुचमळत होता, डब्बक डब्बक असा आवाज येत होता, आणि ही शेजारच्या सीटवर लहान मुलासारखी गाढ झोपली होती. एका सिग्नलला गाडी थांबली, मागचं पाणी शांत झालं, आणि ती दचकून जागी झाली. त्यानंतर मी शक्यतो गाडी थांबवली नाही, सिग्नल दिसला की लांबूनच गोगलगायीसारखी रांगत न्यायचो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, त्यांनाही काही म्हटलं नाही.

आता संध्याकाळी ती पुन्हा होडीपाशी थांबायला लागली. तोटी अगदी जराशी सोडायची, बोटांवरून पाणी जाऊ द्यायचं, पुन्हा बंद करायची. मी गॅलरीतून बघायचो. सगळं जागच्या जागी आलं होतं. आणि एक दिवस दुपारी ऑफिसात फोन वाजला.

“गळती विभाग?”

“पत्ता मला माहीत आहे,” मी म्हणालो. “बोला.”

“नळ गेले होते म्हणून तुमच्या होडीचं पाणी घेतलं. ते खारट आहे हो.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चहा केला,” सेक्रेटरी म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “जावयाला दिला.”

“ते समुद्राचं आहे. तोटी नीट बंद केलीत ना?”

“मी गेलो तेव्हा उघडीच होती, पाणी चाललं होतं गटारात. माझी किटली कशीबशी भरली. आता थेंब नाही.”

 तिचा एवढासा समुद्र, तोही वाहून गेला. साहेबांना सांगून मी लवकर निघालो. हिला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची वाटभर उजळणी केली. पार्किंगमध्ये ती होडीपाशीच उभी होती, शाळेतून तीही आज लवकर आली होती. मी आधी तज्ज्ञ या नात्याने तोटी तपासली. वायसर ठीक, आटे ठीक.

“कुणीतरी उघडी ठेवली,” मी म्हणालो.

“असेल,” ती म्हणाली.

“सगळा समुद्र गेला गं.”

“गेला का?”

“वाईट नको वाटून घेऊस. परत जाऊन आणू या की.”

“आणायलाच लागेल,” ती म्हणाली, आणि होडीकडे बघते तसं माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. वल्ही आधीच बांधून ठेवलेली होती. पाण्याची बाटली होती, टोप्या होत्या, सुट्टीच्या दिवसाची सगळी तयारी फळीखाली नीट रचलेली होती. जन्मभर लोकांच्या गळत्या शोधून पोट भरलं मी, पण ही गळती कुणी केली ते समोर उभं राहूनही माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला.

ती वाकली, फळीखालून न्हाणीघरातला मोठा मग काढला आणि माझ्या हातात दिला.

“हा तुमचा,” ती म्हणाली. “डब्याने फार हळू उपसता.”